आम्ही ठरवलंय

"आम्ही ठरवलंय, हे सगळं काम आता दुसऱ्या देशात हलवायचं," साहेब म्हणाले, आणि थोरलीला खटकलं ते काम हलणं नव्हे. काम हलणार याची कुणकुण बरेच दिवस होती. जिन्यात, कॉफीच्या यंत्रापाशी, लिफ्टची वाट पाहताना माणसं त्याबद्दल बोलत आणि तिसरं कोणी आलं की एकदम उकाड्यावर घसरत. तिला खटकलं ते 'आम्ही'. इतकी वर्षं हा माणूस 'आपण' म्हणत आला होता. आपण सोमवारी देऊ. आपली चूक झाली, आपणच निस्तरू. आपल्याला कोण खातंय. त्या 'आपण'मध्ये ती होती, धाकटी होती, दारापाशी बसणारा रखवालदारसुद्धा कधीमधी असायचा. 'आम्ही'मध्ये फक्त टेबलाच्या पलीकडचे. मधे ते गुळगुळीत टेबल, त्यावर साहेबांचा उपडा ठेवलेला फोन, आणि अलीकडे ती एकटी. तिने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मुद्दाम म्हणाले असते तर डोळ्यांत काहीतरी हललं असतं. काही हललं नाही. शब्द आपसूक तोंडातून गेला होता. आणि आपसूक गेलेला शब्दच खरा असतो, हे काय तिला कोणी शिकवायला हवं होतं?

थोरली हे तिचं नाव नव्हे. पण कचेरीत तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. एकाच कामावर दोघी बायका, एक पन्नाशीला टेकलेली, दुसरी तिशीतली, शेजारी शेजारी बसणाऱ्या. कोणा चेष्टेखोराने त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली, एका घरात नांदणाऱ्या सवतींसारखं. आणि घरधनी कोण, तर त्यांचं ते सॉफ्टवेअर. म्हातारं, हेकट, या दोघींखेरीज कोणाला न जुमानणारं. दूरदेशीची एक कंपनी आजारी माणसांच्या घरी ऑक्सिजनच्या टाक्या पोचवायची, आणि सकाळी कुठली गाडी आधी कुठल्या दारात जाईल ते हे सॉफ्टवेअर ठरवायचं. थोरलीने ते शहर जन्मात पाहिलं नव्हतं. पण तिथल्या कुठल्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही, कुठला पूल पहाटे बंद असतो, कुठल्या घराची घंटा वाजत नाही म्हणून ड्रायव्हरने आधी फोन करायचा, हे तिला स्वतःच्या घरामागची गल्ली ठाऊक असावी तसं ठाऊक होतं. धाकटी नवी आली तेव्हा कोरी पाटी होती. थोरलीने तिला बोटाला धरून फिरवावं तसं त्या शहरातून फिरवलं. पहिल्यांदा तिच्या हातून एक गाडी भलतीकडे गेली तेव्हा धाकटी बाथरूममध्ये जाऊन रडली होती, आणि थोरलीने ग्राहकाला सांगितलं होतं, चूक आमची आहे, माझी नि हिची. साहेबांनी तेव्हा मिटिंगमध्ये ती चूक 'आपली' करून टाकली आणि विषय मिटवला. साहेबांना साहेब म्हटलेलं आवडायचं नाही. सगळ्यांनी नावाने हाक मारावी, आपण इथे सगळे सारखेच, असं ते म्हणत. म्हणून तोंडावर नाव, आणि पाठीमागे साहेब.

"इथे एक माणूस ठेवणार आहोत," साहेब पुढे म्हणाले. "तिकडच्या मंडळींवर नजर ठेवायला. तुमच्या दोघींपैकी एक."

ठेवणार आहोत. तिने कान टवकारले. पण या वेळी कर्ता त्यांनी गिळला होता, आणि आपली भाषाही अशी लबाड की नुसत्या क्रियापदावरून आपण की आम्ही ते कळत नाही.

"मग? कोणाला?" तिने विचारलं.

"तेच तुमच्याशी बोलायचं होतं. तुम्ही सीनियर आहात. तुमच्या मनात काय आहे ते कळलं तर बरं पडेल. शुक्रवारपर्यंत सांगा. आणि तिच्याशी एवढ्यात नका बोलू, उगाच घाबरेल ती."

ती आपल्या जागेवर येऊन बसली. धाकटीने मान न उचलता विचारलं, "काय म्हणत होते, ताई?" आणि थोरली म्हणाली, "काही नाही गं, नेहमीचंच." पडद्यावर त्या परक्या शहराचा नकाशा उघडा होता आणि त्यावर गाड्यांचे ठिपके मुंग्यांसारखे सरकत होते. तिला वाटलं, आपल्याला धक्का नोकरीचा बसायला हवा होता. घराचं कर्ज फिटलेलं, मुलगा मार्गी लागलेला, पोटापाण्याची ददात नाही. नोकरी गेली तर गेली, असं ती स्वतःशी म्हणून बघायची आणि ते खरंही असायचं. मग घशाशी काय आलं होतं? एक सर्वनाम. सांगायला गेलं तर लोक हसतील. साहेबांनी मला 'आम्ही' म्हटलं म्हणून माझी झोप उडाली, असं कोणाला सांगणार? आणि सांगणार तरी कोणाला, हाच तर सगळा प्रश्न होता. घरी तिला 'आपण' म्हणणारं कोणी नव्हतं. नवरा गेलेला, मुलगा सुनेबरोबर दुसऱ्या शहरात. दर रविवारी न चुकता फोन करतो, गुणी आहे. आई, आम्ही इकडेच घर बघतोय. आई, आम्ही दिवाणखान्याला पिवळा रंग काढलाय. त्याचं 'आम्ही' बरोबरच होतं. त्या वयात ते तसंच असायला हवं. सासूशी बोलताना ती स्वतः नवऱ्याला धरून 'आम्ही' म्हणायचीच की. प्रत्येकाला एक 'आम्ही' मिळतं आणि त्यातून कोणीतरी बाहेर राहतं, त्याला कोणाचा इलाज नाही. पण 'आपण' ही चीज वेगळी. तिच्यात समोरच्याला घेतल्याशिवाय ती उच्चारताच येत नाही. तिच्या आयुष्यात ती आता एकाच ठिकाणी उरली होती, या कचेरीत, या टेबलापाशी, गार हवा सोडणाऱ्या त्या जाळीखाली.

तसं नवऱ्याचं 'आपण' म्हणजे एक फसवणूकच होती. तो स्वतःलाच 'आपण' म्हणायचा. आपल्याला नाही बुवा जमत हे लग्नाबिग्नाला जाणं. आपण तर सरळ तोंडावर सांगितलं त्याला. लग्न झाल्यावर सुरुवातीला तिला वाटायचं, आपल्यालाही धरून बोलतोय, आणि तिला लाज वाटे, सुखही वाटे. मग लक्षात आलं की हे त्याचं एकट्याचं आपण आहे, गल्लीतल्या पोरांकडून उचललेलं, छाती पुढे काढून म्हणायचं. तिने कधी त्याला तसं बोलून दाखवलं नाही. उलट त्यात आपली जागा करून घेतली, भरलेल्या बाकड्यावर कोपऱ्यात टेकावं तशी. आणि शेवटी दवाखान्यात, नाकातली नळी सारखी करत, खिडकीकडे बघत तो म्हणाला होता, "आपलं काही खरं नाही आता." तेव्हा तिला कळलंच नाही, कोणाचं खरं नाही म्हणतोय. त्याचं, की दोघांचं? तिने विचारलं नाही. विचारण्यासारखं ते नव्हतंच. पण त्यानंतर कितीतरी दिवस, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, ते वाक्य ती दोन्ही अर्थांनी म्हणून बघत असे, आणि दर वेळी तिला दुसरा अर्थच खरा वाटत असे.

इंग्रजीत ही भानगड नाही. तिथे एकच 'वुई', ज्याला हवं त्याने आत बसावं. कचेरीतल्या सगळ्या मेलांत ते असायचं. वुई आर प्राउड. वुई आर अ फॅमिली. वुई हॅव डिसायडेड. इतकी वर्षं ते वाचताना ती मनातल्या मनात त्याचं 'आपण' करत आली होती, कोणी न सांगता, सवयीने. साहेबांच्या डोक्यात त्याचं काय होत होतं ते त्या 'आम्ही'ने कळलं. तिला आता आठवला तो ऑक्सिजनवाल्या कंपनीच्या शहरातला गृहस्थ. हे काम पहिल्यांदा इकडे आलं, कारण इथली माणसं तिथल्यापेक्षा स्वस्त होती, त्या वेळची गोष्ट. तिथला हा वयस्क गृहस्थ फोनवरून तिला सगळं शिकवायचा. मधेच खोकायचा, माफी मागायचा, पुन्हा शिकवायचा. गल्ल्या, पूल, न वाजणाऱ्या घंटा, सगळं त्याच्याकडून तिच्याकडे आलं होतं. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, वुई विल मिस यू. तिला तेव्हा हसू आलं होतं. न पाहिलेल्या माणसाला काय मिस करणार, म्हणून. फोन ठेवल्यावर तिने ते चेष्टेने सगळ्यांना सांगितलंही. आत्ता तिच्या लक्षात आलं की त्या खोलीत त्या वेळी तो एकटाच उरला होता. बाकीच्यांना आधीच काढलं होतं, तसं त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. मग तो 'वुई' कोणाला म्हणत होता? खुर्च्यांना?

गुरुवारी तिचा शिकवणीचा तास होता, मदतीला म्हणून काही आठवड्यांपासून पडद्यावर येणाऱ्या मुलीबरोबर. ती तिसऱ्याच देशातली, अजून स्वस्त. तोंडावर नुकत्या फुटलेल्या पुटकुळ्या, मागे भिंतीला टांगलेला कोणाचा तरी शर्ट. मुलगी हुशार होती. थोरलीला आधी तिचा राग यायचा, मग रागाला धरायला काही सापडेना. मुलगी प्रत्येक गोष्ट लिहून घेई, आणि 'हे का?' असं विचारी. ही गाडी आधी या घरी का जाते, सरळ रस्ता तर तिकडून आहे? थोरली सांगे, तिथे एक बाई आहे, तिला एकटीला दार उघडायला वेळ लागतो, म्हणून ड्रायव्हर ताजातवाना असतानाच तिथे जातो. मुलगी हसून म्हणाली, अजून ती बाई आहे का? तो नियम त्या खोकणाऱ्या गृहस्थाने शिकवला होता. बाई केव्हाच वारली असेल. घरात आता दुसरं कोणी राहत असेल, किंवा घरच नसेल. तरी गाडी रोज सकाळी आधी तिथेच जात होती. "असू दे," थोरली म्हणाली. "काढू नकोस तो नियम." आणि मुलीने ते लिहून घेतलं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्यालाच औषधाची पुडी बांधून द्यायला बसवलं होतं, आणि वैद्य नीट, गाठ मारून बांधत होता.

त्या संध्याकाळी चालत घरी येताना तिने विचार केला. विचार म्हणजे काय, एकच गोष्ट उलटसुलट. आपण राहिलो तर? खुर्ची राहील, नकाशा राहील, जाळीतली गार हवा राहील. पण बोलणार कोणाशी? धाकटी गेलेली, आणि ती आपल्यामुळे गेली हे ठाऊक असलेली. साहेबांशी? ते 'आम्ही'मध्ये गेले. धाकटीचं नुकतंच लग्न झालेलं, नवरा घरी बसून नोकरी शोधतोय, दोघांचं भाड्याचं घर. ती म्हणायची, ताई, आपल्या दोघींना कोण हलवतंय इथून. आपल्या दोघींना. थोरलीला एकदम थंडीत अंगावर ऊन यावं तसं झालं. 'आपण' शिल्लक होतं की. साहेबांचं गेलं, पण धाकटीचं होतं. खुर्ची तिला दिली तर ते राहील. रविवारी येईल, फोन करेल, ताई, आपल्या त्या गल्लीत आज काय झालं माहितीये का, असं सांगेल. खुर्ची हातची गेली तरी चालेल, हे राहायला हवं. बाजारातल्या भाजीसारखं आपण हे तोलतोय याची तिला थोडी शरम वाटली. पण तोललं, आणि पारडं झुकलं. घरी आल्यावर कितीतरी दिवसांनी तिला व्यवस्थित भूक लागली.

शुक्रवारी सकाळी तिने धाकटीला त्या काचेच्या छोट्या खोलीत नेलं, जिथे दोघीच बसल्या तरी सगळ्या मजल्याला दिसतात. "हे बघ," ती म्हणाली, "इथे एकच जागा राहणार आहे. मी साहेबांना सांगणार आहे की ती तुला द्या. तू आता काही बोलू नकोस."

धाकटी नखाने टेबलाची कड खरवडत राहिली. मग तिचे डोळे भरले, आणि थोरलीला वाटलं, उपकाराने.

"ताई, मला माहीत आहे," धाकटी म्हणाली. "मागच्या महिन्यातच विचारलं त्यांनी मला. मी हो म्हटलं."

"मागच्या महिन्यात?"

"तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले. म्हणाले, त्यांना काढलं तर वाईट दिसेल. त्यांना विचारू नुसतं. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे, त्या आपणहून सोडतील." ती रडत होती, नाक पुसत होती. "मी काय करू ताई, घरी दोघांचं माझ्या एकटीवर आहे. मला रोज वाटायचं सांगावं. तुम्ही शेजारीच बसायचात."

थोरलीला राग आला, पण त्याला उभं राहायला पाय नव्हते. आपलेच दात, आपलेच ओठ. धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवावा असं वाटलं, आणि हात उचलला गेला नाही, हेही तिने पाहिलं. आपणहून. काल संध्याकाळी रस्त्याने चालताना तिने जे तोललं, मापलं, शरमेने का होईना पण स्वतःच्या मनाने ठरवलं, ते महिनाभर आधीच कोणीतरी हिशेबात धरून ठेवलं होतं. तिच्या चांगुलपणावर एक ओळ आधीच लिहून तयार होती. चांगुलपणासुद्धा तिचा तिला राहिला नव्हता. नाही, तिने ठरवलं. मग नाही. आता मी राहणार. वाईट दिसू दे त्यांना. काढायचं असेल तर त्यांनी तोंडाने 'काढतो' म्हणावं.

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी वर पाहिलं. "बोला."

वाक्य तिने दारापर्यंत नीट जुळवलं होतं. मला ही जागा हवी आहे, मी जाणार नाही. पण तोंडातून निघालं ते एवढंच: "मी थांबते."

इथे राहते, असं तिला म्हणायचं होतं. जात नाही, थांबते. साहेबांचा चेहरा मोकळा झाला. इतका मोकळा की तिला तो पूर्वीचा वाटला, सोमवारी देऊ म्हणणारा. "मला खात्री होतीच," ते उठून उभे राहत म्हणाले. "आता थांबावं, आराम करावा असं वाटणं साहजिक आहे. एवढी वर्षं झाली. तुमच्यासारखं आपणहून थांबणारं माणूस विरळा. आम्ही तुम्हाला विसरणार नाही."

एकच शब्द, आणि त्याला दोन दारं. ती एका दाराने आत आली होती, ते तिला दुसऱ्याने बाहेर पोचवत होते. दुरुस्त करणं काही अवघड नव्हतं. तसं नाही, मला राहायचं आहे, एवढं म्हटलं की झालं. तिने काचेतून पाहिलं. धाकटी जागेवर येऊन बसली होती आणि तिने मान पडद्यात इतकी खाली घातली होती की मागून नुसता केसांचा अंबाडा दिसत होता. तोंड उघडून थोरली उभी राहिली. साहेब वाट बघत होते, हसरे, दमलेले, घाईतले. थांबते म्हटल्यावर या जगात कोणाच्याही कानाला 'राहते' ऐकू आलं नसतं, असं तिला वाटलं. कदाचित तिलाही नसतं आलं. आपण नक्की काय म्हणालो, हेच तिला सांगता येईना. "बरं," ती म्हणाली.

मनुष्यबळ विभागातली बाई नवी होती, तिला थोरली कोण ते ठाऊक नव्हतं, आणि ती फार अदबीने बोलली. आपण बसा. आपण इथे सही करा. आपला पगार ठरलेल्या तारखेपर्यंत चालू राहील, उरलेले दिवस आपण घरीच थांबलात तरी चालेल, बाकीचं शिकवणं आपल्या सहकारी करतील. थोरली ऐकत राहिली. हेही 'आपण'च होतं. परक्याला, पाहुण्याला, बँकेतल्या गिऱ्हाइकाला म्हणतात ते. तिला हसू आलं, आणि त्या बाईने अदबीने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

दुपारच्या वेळी घरी यायची तिला सवयच नव्हती. सोसायटीचा जिना या वेळी इतका शांत असतो हे तिला ठाऊक नव्हतं, आणि आपल्या दारावर या वेळी असं तिरपं ऊन पडतं हेही. दारात पाण्याच्या फिल्टरचा माणूस उभा होता, हातात पेटी, निघण्याच्या बेतात. फिल्टरचं वर्षाचं काम करायला तो दर वेळी यायचा आणि कुलूप बघून परत जायचा, असं त्याने सांगितलं. "तुमच्याकडे कधी कोणी नसतंच ओ, बाई. आज नशीब म्हणायचं."

ती कुलूप उघडून आत गेली. तो स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसला, फिल्टर उघडून आतली नळकांडी काढून उन्हाकडे धरून बघू लागला. ती दारातच उभी राहिली. पर्स अजून खांद्यावर होती. खाली ठेवायला हवी हे तिला कळत होतं.

"मोठी घालू का छोटी?" त्याने विचारलं. "माणसं किती आहेत तुमच्याकडे?"

"आमच्याकडे," ती म्हणाली, आणि थांबली. तो वर बघत होता, हातात नळकांडी घेऊन. "आमच्याकडे मी एकटीच असते."

"मग छोटी बास," तो म्हणाला, आणि कामाला लागला.